मुक्या डब्याची राखण

झांबेझी नदीकाठी हत्ती आणि माणसं एकाच वाटेने पाण्याला जात, त्या दिवसांतली ही गोष्ट. न्याशा नावाच्या बाईच्या मक्याच्या शेतात पत्र्याचा एक डबा टांगलेला होता. हत्ती आले की ती त्याला काठीने बडवायची आणि तो कर्कश्श ओरडायचा. पण हत्तींना आता त्याची सवय झाली होती. ते कान हलवत निवांत कणसं खायचे.

"तू पोटातून ओरडतच नाहीस," मचाणावरचा म्हातारा ढोल त्याला झापायचा. "आमच्या वेळी एका ठोक्यात कळप पळायचा!"

"आजोबा, काल तुम्हीही वाजलात. एकाने तरी तोंडातलं कणीस टाकलं का?"

बडवून बडवून डब्याला भोक पडलं आणि त्यातून मधमाश्या आत शिरल्या.

"हाकल त्यांना! मुका होशील, भंगारात जाशील!" ढोल गरजला.

डबा घाबरला. पण ओरडून तरी त्याने काय राखलं होतं? त्याने माश्यांना राहू दिलं.

संध्याकाळी हत्तीण पिल्लासह आली. न्याशाने काठी उचलली, पण आतली गुणगुण ऐकून ती थांबली. हत्तीणही थबकली; मधमाश्यांच्या डंखाला हत्तीही भितात. सोंड आवरून तिने पिल्लाला शेताच्या कडेने नदीकडे नेलं.

पुढच्या हंगामात गावाने नदीची वाट मोकळी सोडली, शेतांभोवती मधमाश्यांसाठी असेच डबे टांगले आणि बाजारात मध नेला.

"अरे, ओरड की!" ढोल अजूनही म्हणतो.

डबा उत्तर देत नाही. त्याचं तोंड मधाने भरलेलं असतं.