आब्लारिया, म्हणजे मी बोललो असतो

"पण माझं चुकलं कुठे, बाई?"

निनाद खांबेटे जाळीच्या दाराबाहेर उभा होता. उद्या पहाटे त्याला नोकरीसाठी चिलीला निघायचं होतं. शेवटचा धडा पक्का करायला आलोय, असं तो म्हणाला होता. खरं तर शाबासकी घ्यायला आला होता.

आत आठल्येबाई मेथी निवडत होत्या. पेरूत संसार करून म्हातारपणी सांगलीला परतलेल्या या बाईंकडे कितीतरी हुशार पोरं स्पॅनिश शिकली. शाबासकी मात्र फारशी कुणाला मिळाली नाही.

"चुकलं असं कोण म्हणालं? पुन्हा म्हण, एवढंच म्हणाले."

निनादने पाय बदलला. मोबाइल बघितला. परत खिशात घातला.

"आब्लार, म्हणजे बोलणं. अख्खं क्रियापद तसंच ठेवायचं आणि पुढे प्रत्यय जोडायचा. आब्लारिया, आब्लारियास, आब्लारिया, आब्लारियामोस... खाणं, राहणं, सगळ्यांना तेच प्रत्यय. कोमेरिया. बिबिरिया. यात अवघड काय आहे?"

"काहीच नाही. वाक्य कर."

"मी ताईशी बोललो असतो."

बाईंचा हात थांबला. ताई मिरजेला असते. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून बहीणभावांत वाजलं आणि तेव्हापासून भाऊबीज कोरडीच जात होती. बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. पोरगा प्रत्येक धड्याला ताईचंच वाक्य करायचा.

"आणि जर?"

"जर तिने आधी फोन केला असता."

"ती काय म्हणत असेल?"

"...हेच."

तो पुन्हा मोबाइल बघायला लागला. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"बाई, मला आत तरी घ्या. बॅग भरायची राहिलीय अजून."

"आब्रिरिया," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी दार उघडलं असतं."

"जर...?"

"जर माझे गुडघे दुखत नसते."

निनाद हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरी जुडी सोडली.

"जर हातात मेथी नसती. जर तू जरा गोड आवाजात म्हणाला असतास..."

"बाई!"

"रूप बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे हो! पण मी बाहेरच उभा आहे ना!"

बाईंनी मेथीची आणखी एक काडी खुडली.

निनादला अपमान वाटला, राग आला, आणि का कोण जाणे, रडूही आलं. त्याने दोन्ही हातांनी जाळी धरून हिसडली.

दार उघडलं. ते नुसतं लोटलेलं होतं.

तो उंबऱ्यापाशी तसाच उभा राहिला. मग खाली बघत चपला काढायला लागला.

"राहू देत पायात," मेथीवरची नजर न काढता बाई म्हणाल्या. "मिरजेची बस मिळेल आत्ता."