कासारणीच्या सुनेची आणि निवाईच्या वशाची कहाणी

ऐक निवाई, तुझी कहाणी. नदीच्या वळणावर एक आटपाट नगर होतं. तिथं गिरजा नावाची कासारीण होती. तिला एकच सून, मैना. मैनेचं सहा महिन्यांचं बाळ तापानं गेलं. मग काय झालं? मैनेला राग येऊ लागला. असातसा नव्हे. डोळे फिरत, ओरडे, बांगड्यांच्या माळा भिंतीवर आपटी. कासाराचं घर, अंगणभर काचा!

गिरजा घाबरली. आतेसासूकडे गेली. "आत्याबाई, करू काय?"

म्हातारी म्हणाली, "माझ्या आजेसासूच्या काळी असं झालं, तर म्हणाले, देवी आली. मळवट भरला, पाया पडले. सासूच्या काळी झालं, तर म्हणाले, भूत लागलं. कोंडून मिरच्यांची धुरी दिली. आता राजा म्हणतो, हा गुन्हा. वेशीबाहेर कोठी आहे, तिथं साखळीनं बांधतात. गेलेलं माणूस परत येत नाही."

"मग खरं काय?"

"खरं कोण बघतंय? देवीला नमस्कार केला, भुताला धुरी दिली, गुन्ह्याला साखळी घातली. बाईला कुणी विचारलंच नाही."

इकडे शेजाऱ्यांनी कोतवालाला सांगितलं. निरोप आला, "चौथ्या मंगळवारी सुनेला न्यायला येतो." गिरजा नदीवर जाऊन रडू लागली. तिथं एक म्हातारी घागर भरीत होती. "बाई, बाई, का रडतेस?" गिरजेनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "राग निववते ती निवाई. तू तिचा वसा घे."

"तो कसा घ्यावा?"

"मंगळवारी भरला तांब्या घ्यावा. रागावलेल्या माणसापाशी भुईवर बसावं. काय दुखतं, असं विचारावं. उत्तर येईतो उठू नये. उतू नये, मातू नये, मधे बोलू नये."

गिरजेनं वसा घेतला. पण कासारणीची जीभ ती! बांगडी भरताना हात दाबावा लागतो. कासारीण गप्पा मारते, म्हणजे बाईला कळ जाणवत नाही. गिरजेचा जन्म त्यात गेला. पहिल्या मंगळवारी विचारलं, "मैने, काय दुखतं?" आणि लगेच आपणच सुरू झाली, "अगं, नवा हिरवा चुडा आलाय. शेजारच्या रखमाला मुलगी झाली..." मैनेनं तांब्या भिरकावला. दुसऱ्या मंगळवारी विचारलं, आणि म्हणाली, "होईल गं दुसरं." मैनेनं भिंतीवर डोकं आपटलं.

तिसऱ्या मंगळवारी गिरजेनं पदर दातांत धरला. विचारलं आणि बसली. सकाळची दुपार झाली. मैना ओरडली, गिरजा गप्प. "तोंड शिवलंत का आज?" मैनेनं डिवचलं, गिरजा गप्प. दुपारची संध्याकाळ झाली. मग मैना खाली बसली.

"सासूबाई, त्याचं नाव कुणी घेत नाही. त्याचं झबलं देऊन टाकलंत, पाळणा सोडलात. माझे हात बांगड्यांनी भरलेत आणि म्हणालात, विसर. मी विसरले तर त्याला आठवणार कोण?"

गिरजेनं तिला पाणी पाजलं. मग म्हणाली, "राघू." तीनदा म्हणाली. दोघी पोटभर रडल्या. दुसऱ्या दिवशी गिरजेनं वैद्यबुवांना आणलं, काढा सुरू केला.

चौथा मंगळवार आला. म्हातारा शिपाई साखळी घेऊन दारात उभा. "वेडी कुठाय?"

"दादा, वेडी नाही. आजारी सून आहे."

शिपायानं आत पाहिलं. मैना बांगड्या निवडीत होती. "राग गेला?"

"कधी येतो. येतोसं वाटलं की ती हाक मारते. मी जाऊन बसते. निवाईचा वसा आहे माझा."

शिपायानं साखळी खाली ठेवली. "माझी बायको दोन वर्षं कोठीत आहे. मीच बांधून नेली." मग हात जोडले. "तो वसा पुरुषांना चालतो का हो?"

"बसता येतं ना? मग चालतो."

शिपाई कोठीत जाऊन बसला. त्याचं पाहून आणखी लोक गेले. राजाला कळलं, त्यानं कुलूप काढलं, वैद्य नेमला. माणसं घरी आली. काही बरी होऊन आली, काही तशीच आली. घरच्यांनी सगळ्यांना पाट मांडले.

निवाई जशी त्यांच्या घरी बसली, तशी तुमच्याआमच्या घरी बसो. ही साठां बोलांची कहाणी पांचां बोलांत सांगितली. ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो.