हौद कोणी नासवला?

साळगडच्या राजाने पोहण्यासाठी मोठा हौद बांधला, पण पाण्यावर सारखा तेलाचा तवंग येऊ लागला. राजा खवळला. "हौद नासवणाऱ्याला पकडा, नाहीतर हौदावरचे सगळे नोकर हद्दपार!"

नोकर रडकुंडीला येऊन कारभारी भिवबांकडे धावले. भिवबांना राजाच्या लोडावरचा तेलाचा भलामोठा डाग आठवला. वाटीभर तेल डोक्यात जिरवून महाराज रोज थेट हौदात उडी घेत. पण हे सांगणार कोण?

"महाराज, गुन्हेगार मी पकडून देतो," भिवबा म्हणाले. "फक्त आठवडाभर तुमच्याशिवाय कोणी हौदात पाय बुडवायचा नाही. चहूबाजूंनी पहारा बसवा."

हौद उपसून नवं पाणी भरलं, पहारा बसला. आठवड्याने बघतात तर पुन्हा तोच तवंग!

"भिवबा, कुठाय तुमचा गुन्हेगार?" राजा हौदातूनच गरजला.

"सापडला, महाराज! पळायची भीती नाही. चहूबाजूंनी पहारा आहे आणि तो अजून पाण्यातच आहे. हद्दपारीचा हुकूम तेवढा कोणाच्या सहीने काढू?"

राजाने जी बुडी मारली, ती दम संपेपर्यंत डोकं वर काढलं नाही. वर येताच मात्र त्याने हुकूम सोडला, "शिकेकाई आणा!"