घोंगडीचा वास

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा राजा कोण होता ते आता कुणाला आठवत नाही, पण थंडी होती, आणि ती आजच्यासारखीच हाडं फोडणारी होती.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या टोकाला, काटेरी कुंपणाला लागून, सगुणा नावाची बाई राहायची. नवरा लाकडं वाहायला रानापार गेलेला. पाळण्यात सहा महिन्यांचं लेकरू आणि लेकरावर काळी घोंगडी. गावच्याच धनगराच्या मेंढ्यांची लोकर, गावच्याच म्हाताऱ्या विणकरणीचे हात, वर चिंचोक्यांची खळ. घोंगडी टोचायची, तिला मेंढरांचा वास यायचा, पण वाऱ्याची आत शिरायची छाती नव्हती.

एका सकाळी सगुणा विहिरीवर पाणी शेंदत होती. भिंतीपलीकडे दोन गाडीवान बोलत होते. दुसऱ्याचं बोलणं ऐकू नये म्हणतात, पण कानाला झाकण कुठे असतं?

"घोंगडीचा वास लागला, की लांडगा थेट घरापर्यंत येतो..." एक जण म्हणाला.

एवढ्यात बैल हलले, घुंगरं वाजली, आणि पुढचं बोलणं त्या आवाजात बुडालं.

अर्धी घागर तशीच उचलून सगुणा घराकडे पळाली. वाटेत शेजारणीला सांगितलं.

"पुढं काय म्हणाला गं तो?" शेजारणीने विचारलं.

"पुढं काय म्हणणार? लांडगा घरी येऊन भाकरी मागणार आहे होय?"

दुपारपर्यंत त्या अर्ध्या वाक्याला शेपूट फुटलं. दिवेलागणीपर्यंत दातही आले.

त्याच आठवड्यात परमुलखातून एक शालवाला आला. त्याच्या शाली रंगीत, मऊ, आणि वास म्हणाल तर नावाला नाही. कशाच्या केल्यात ते कुणी विचारलं नाही. लोकांनी धान्य दिलं, शाली घेतल्या आणि घोंगड्या वेशीबाहेरच्या चिंचेखाली फेकून दिल्या.

म्हातारी विणकरीण काठी टेकत सगुणाच्या दारात आली. "सगुणे, ही झुळझुळीत शाल दोन धुण्यांनंतर किती उरेल, ते तरी बघ की गं."

"आजी, तुमची घोंगडी उबदार आहे, मी नाही म्हणत नाही. पण मला हे एकच लेकरू आहे."

म्हातारी माघारी गेली, आणि तिचा माग थांबला.

धनगरही म्हणाला, "लोकर कुणाला नको, तर मी इथं कुणासाठी राहू?" कळप घेऊन तो डोंगरापलीकडे निघून गेला. त्याची कुत्री मागोमाग गेली. एक म्हातारं, लंगडं कुत्रं तेवढं मागे राहिलं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

मग पौष आला. शाली विरून जाळीसारख्या झाल्या. घराघरांतून पोरांचा खोकला ऐकू यायला लागला.

एका सकाळी सगुणाने दार उघडलं. बाहेर धुकं, आणि ओल्या अंगणात पावलं उमटलेली. कुत्र्याची म्हणावीत, तर कुत्री धनगरामागे निघून गेलेली. पावलं सरळ भिंतीपर्यंत गेली होती. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला पाळणा होता.

सगुणाने घाईने दाराला कडी घातली. घोंगडी नाही, वास नाही, मग लांडगा आला कशाला?

दुसऱ्या दिवशी तिची शेळी गेली. दाव्याचा तुकडा तेवढा खुंट्याला राहिला.

तिसऱ्या दिवशी दिवस कलताना लेकराचे ओठ निळे पडले. सगुणाने त्याला शालीत गुंडाळलं, पदरात घेतलं, छातीशी धरलं. थंडी हटेना. एकीकडे लांडगा, दुसरीकडे गारठा. शेवटी तिने लेकराला पाठीशी बांधलं आणि चिंचेकडे धाव घेतली.

ढिगात हात घालते, तोच आतून गुरगुर ऐकू आली. दोन डोळे चमकले. सगुणाला पळताही येईना, ओरडताही येईना.

ते लंगडं कुत्रं होतं. घोंगड्यांवर अंग टाकून राखण करत बसलं होतं. तिने आपली घोंगडी ओढली आणि लेकराभोवती गुंडाळली. कुत्र्याने ती हुंगली, आणि लंगडत तिच्या मागे आलं. येऊन उंबऱ्यावर बसलं.

हळूहळू लेकरू उबेला लागलं. पण पहाट फुटताना धुक्यातून लांडगा आला. आवाज न करता कुंपणाच्या आत आला. सगुणा फटीतून बघत होती. एक हात लेकराच्या तोंडावर, दुसरा कडीवर.

कुत्रं तीन पायांवर उभं राहिलं आणि असं भुंकलं, की डोंगर घुमला. पलीकडून त्याच्या सोबत्यांनी ओ दिली. लांडग्याने कान टवकारले, एकवार दाराकडे पाहिलं, आणि तो आल्या वाटेने परतला.

त्या आवाजाच्या रोखाने उन्हं चढेपर्यंत धनगर येऊन पोचला. सगुणाने त्याला रडत रडत सगळं सांगितलं, गाडीवानाचं बोलणंसुद्धा.

"पुरतं ऐकायचं तरी, बाई!" धनगर म्हणाला. "ती आम्हा धनगरांचीच म्हण आहे. लांडगा थेट घरापर्यंत येतो, पण धनगराचं कुत्रं त्याच्या आधी येऊन बसलेलं असतं. माझी कुत्री माणसं ओळखत नाहीत, वास ओळखतात. ज्याच्या अंगावर कळपाचा वास, ते त्यांच्या लेखी मेंढरू."

गावाने चिंचेखालच्या घोंगड्या झटकून घरी नेल्या. काही कुजल्या होत्या, त्यांच्या जागी नव्या विणायला म्हातारीचा माग पुन्हा वाजू लागला. सगुणाला तिने एवढंच विचारलं, "टोचते का गं अजून?"

"टोचते, आजी. टोचू दे."

गाडीवान अगदीच खोटं बोलला नव्हता. पौषात धुकं पडलं, की सगुणाच्या कुंपणापाशी अजूनही पावलं उमटतात. कुंपणाच्या बाहेर.

म्हणून सांगते, अर्ध्या ऐकीव भीतीपायी आपल्या माणसांच्या हातची ऊब टाकू नये, कारण तिच्याबरोबर आपली राखणही गाव सोडून जाते.