सुभानशेठची हुकलेली पगडी

नदीकाठच्या एका पेठेत सुभानशेठ नावाचा कापडाचा व्यापारी राहत होता. दुकानात गिऱ्हाइकांना उभे राहायला जागा नसे. घर दुमजली, मुलगे कर्ते. तरी हा गृहस्थ सकाळी उठायचा तोच कपाळाला आठ्या घालून.

"सगळं मिळालं, पण कशातच मन लागत नाही," तो बायकोला म्हणायचा.

चिमाबाई या रडगाण्याला विटून गेली होती. "मग भजनाला बसा, तीर्थाला जा, काय हवं ते करा. पण माझं डोकं खाऊ नका!"

शेठ भजनाला बसला. तिथे त्याला सगळ्यांच्या पुढची जागा हवी झाली. तीर्थाला गेला. तिथे दुसऱ्या व्यापाऱ्याच्या घंटेपेक्षा मोठी घंटा बांधून आला, आणि परतला तो तसाच वैतागलेला. शेवटी त्याला वाटले, राजाने नगरशेठीची पगडी दिली की मन भरेल. खूप खटपटी करून त्याने तीही ठरवून घेतली.

पगडीच्या दिवशी तो छकड्यात बसून राजधानीला निघाला. वाटेत आंबोडीच्या ओढ्यापाशी रस्ता अडलेला. वरची आंबोडी आणि खालची आंबोडी, दोन्ही गावे काठ्या घेऊन समोरासमोर उभी. वरचे लोक बांध घालून पाणी अडवत, खालचे येऊन तो फोडत. वर्षानुवर्षे हेच चालले होते.

"बाजूला व्हा! मला दरबारात पगडी घ्यायला जायचंय," शेठ ओरडला.

कोणी हलले नाही. सोनाई नावाची एक म्हातारी मात्र फणकारली, "जा की! इथं आमच्या पोरांची डोकी फुटतायत, आणि याला पगडीची घाई!"

शेठ रागानेच खाली उतरला. "अरे, पाण्याचे दोन वाटे करा आणि मोकळे व्हा!"

"केले होते," खालचा पाटील म्हणाला. "वाटे यांनी पाडले, अन् चांगला वाटा स्वतःला ठेवला."

"तुम्ही पाडले असते तर काय वेगळं केलं असतं?" वरचा पाटील गुरकावला.

शेठने कपाळावर हात मारला. "वा रे शहाणे! नीट ऐका. वाटे वरच्यांनी पाडायचे, आणि आपला वाटा आधी खालच्यांनी उचलायचा. मग बघू कोण लबाडी करतो ते!"

काठ्या हळूहळू खाली आल्या. मग दोन्ही पाटील खाली बसले आणि पाण्याच्या पाळ्यांवरून हुज्जत घालू लागले. इतक्यात राजधानीहून एक स्वार दौडत आला. "शेठ, दरबार भरलाय. आत्ता निघाला नाहीत तर पगडी दुसऱ्याला जाईल."

शेठने छकड्यावर पाय ठेवला. मागून कोणीतरी म्हणाले, "शेठ चालला. आता कसले वाटे! उचला काठ्या."

शेठने वळून पाहिले. सोनाईने आपल्या मुलाची काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मुलगा ती तिच्या हातून हिसकावत होता.

शेठने पाय मागे घेतला. "जाऊ दे त्या पगडीला," तो स्वाराला म्हणाला. "यांचं मिटल्याशिवाय मला निघता यायचं नाही."

दिवसभर त्याने आरडाओरडा केला, शिव्या दिल्या, शिव्या खाल्ल्या. संध्याकाळी वाटे ठरले. शेठचा घसा बसला होता, अंगरखा चिखलाने माखला होता. आपण लोकांना कसे दिसतो, हा विचार दिवसभरात एकदाही त्याच्या मनात आला नव्हता. याचेच त्याला नवल वाटले आणि तो एकटाच हसला.

"पगडी कुठाय?" घरी चिमाबाईने विचारले.

"दुसऱ्याला गेली. उद्या मला लवकर उठव. ते लोक पाळ्या नीट पाळतात का बघायला हवं, गाढव आहेत सगळे!"

पुढे लांबलांबच्या गावांतून तंटे त्याच्याकडे येऊ लागले. "एवढी साधी अक्कल नाही का तुम्हाला?" असे करवादत तो प्रत्येक ठिकाणी जाई आणि तंटा मिटवूनच उठे. दुकान त्याने मुलांवर सोपवले.

"आता मेले घरात सापडतच नाहीत," चिमाबाई कुरकुरत असे. पण त्याची भाकरी ती भल्या पहाटे बांधून ठेवी.

तात्पर्य: मानपान कितीही मिळाला तरी रिते मन भरत नाही. ज्या कामात आपण स्वतःला विसरतो आणि ज्याने दुसऱ्याचे भले होते, तेच आपले खरे काम.