हौसा, परी आणि तूरपेठेचं जड पाणी

तुरीच्या पिवळ्याधमक शेतांमधून वाट काढत गेलं ना, की एक छोटंसं शहर लागायचं. तूरपेठ त्याचं नाव. बाजारात सोनेरी डाळीच्या राशीच राशी! पण गंमत बघा, त्याच तूरपेठेत कुणाचंही वरण धड शिजत नव्हतं. नळाचं पाणी भारी जड. साबण घासून घासून झिजायचा, पण फेसाचा एक फुगा उठेल तर शपथ! पातेल्यांना पांढरी पुटं चढायची, आणि डाळ कितीही उकळा, टणक ती टणकच.

इथंच राहायची हौसा. हौसाला आई आणि आईला हौसा, एवढंच त्यांचं घर. आई, म्हणजे द्वारकाबाई, बाजारातल्या हमालांना वरणभात रांधून घालायची.

एकदा हमालांचे पुढारी रंगूमामा ताटावरून उठताना म्हणाले, "द्वारकाबाई, हे वरण की खडे? परवा मोठा बाजार आहे. तेव्हाही असंच असलं तर आमची माणसं दुसरीकडं जेवतील. राग मानू नका."

आईने खरकटी ताटं उचलली. हमाल गेल्यावर ती हौसाला जवळ घेऊन म्हणाली, "चूल बंद पडली तर मला लांब कामाला जावं लागेल, पिल्ला. तू मावशीकडं राहशील ना?"

"मुळीच नाही!" हौसा म्हणाली. "वरण शिजणार. कसं ते बघते मी!"

आता तूरपेठेची एक रीत सांगते. सकाळी नळ आला, की कालचं भरलेलं पाणी शिळं झालं म्हणून खुशाल गटारात ओतायचं. हंडेच्या हंडे! हौसाला फार वाईट वाटायचं. ती आपलं शिळं पाणी कळशीत घेऊन बागेत जायची आणि सुकलेल्या शेवंतीला घालायची.

दुसऱ्या दिवशी ती बागेत गेली, तर नळाखाली कुणीतरी मुसमुसत होतं. इवलीशी परी! बोटाएवढी, जांभळा झगा, कपाळावर चमचमती टिकली. पण पंख? पांढरेफटक आणि कडक.

"नळाखाली अंघोळ केली गं," परी हुंदका देत म्हणाली, "आणि वाळल्यावर पंख हलेचनात!"

हौसाला हसू आलं. मग हसल्याचं वाईटही वाटलं. "रडू नकोस हं, परीताई. आमची किटली अशीच होते. आलेच मी!"

ती पळत घरी गेली आणि चिंच भिजवून घेऊन आली. त्या कोळात कापसाचा बोळा बुडवून तिने एकेक पंख हळूहळू पुसला. पांढरं पूट विरघळलं, आणि आतून निळे, गुलाबी, मोरपंखी रंग झगमगले. परीने आनंदाने गिरकीच घेतली!

"माग, काय हवं ते माग!"

"आईचं वरण शिजू दे."

"फक्त तुझ्याच आईचं?"

हौसाला शेजारच्या ठकूकाकूंचं तान्हं बाळ आठवलं. "नाही, सगळ्या तूरपेठेचं!"

परीने पंखावरून एक रुपेरी थेंबुली काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. "संध्याकाळी पाणी खळखळा उकळव. निवलं की ही थेंबुली टाकून झाकून ठेव. सकाळपर्यंत हलवायचं नाही. वरचंच पाणी घ्यायचं, तळाचं नाही. कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि शिळं म्हणून ओंजळभर जरी ओतलंस, तरी जादू संपली."

संध्याकाळी हंडा उकळला. ठकूकाकू डोकावल्या आणि हसायलाच लागल्या. "अगं बाई! लोकांना शिळ्या पाण्याचं वरण घालणार?"

हौसा हंड्याशेजारीच अंथरूण घालून झोपली.

मोठ्या बाजाराची सकाळ उजाडली, नळ आला. सवयीने आईचा हात हंड्याकडे गेला. हौसा ताडकन उठून हंड्यापुढे उभी राहिली. "आई, नको! मी मागं हटणार नाही!"

आईने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात मागे घेतला.

दोघींनी वाटीवाटीने वरचं पाणी पातेल्यात काढलं, इतक्यात ठकूकाकू दारात. चेहरा रडवेला. "हौसा, बाळाला मुगाचं कढण द्यायचंय गं. मूग शिजतच नाहीत. मला देशील थोडं?"

पाणी डाळीपुरतंच होतं. हौसाने एकदा पातेल्यात डोकावून पाहिलं. पण तिने काकूंचं भांडं काठोकाठ भरलं.

"आता गं काय?" आई कळवळली.

"उरलंय तेवढ्यात रांधू."

डाळ चुलीवर चढली. रट रट रट! आणि काय सांगू, लोण्यासारखी शिजली! मऊ, पिवळीजर्द, वर हिंगाची खमंग फोडणी. हमाल जेवायला बसले. आई पळीने वाढते आहे, वाढतेच आहे, पण वरण काही संपेना! रंगूमामांनी चार वेळा मागून घेतलं. म्हणाले, "द्वारकाबाई, आता आम्हाला हाकललंत तरी जाणार नाही!"

बाळाला कढण पाजून आलेल्या ठकूकाकूंनी हंडा वाकवून पाहिला. तळाशी पांढराशुभ्र थर आणि त्यात लुकलुकती थेंबुली. "बाई गं, हे सगळं आमच्या डाळीत जात होतं?" त्या संध्याकाळी घराघरांत पाणी उकळून झाकलं गेलं. सकाळी गटारं कोरडी होती.

हौसा थेंबुली घेऊन बागेत धावली. शेवंतीला टपोऱ्या कळ्या आल्या होत्या. परी तिथेच झुलत होती. तिने थेंबुली उचलून पुन्हा आपल्या पंखावर लावली.

"थेंबुली परत नेतेस? मग आमचं कसं होणार?"

"उकळा, झाका आणि दम धरा. तेवढ्याने काम होतं, राणी." परीने तिच्या गालाला पंख लावला. लख्ख सोनेरी उजेड पडला, शेवंतीची एकेक कळी उमलली, आणि परी त्या उजेडात दिसेनाशी झाली.

हौसा धापा टाकत घरी आली. आई डाळ धूत होती.

"आई, आता तू जायची नाहीस ना?"

"वेडी कुठली!" आई म्हणाली आणि ओल्या हातांनीच तिला कुशीत ओढलं. "एवढ्या लोकांची डाळ टाकून कुठं जाऊ मी?"