सल्ला देणाऱ्यानं कपबश्या धुवायच्या

“…म्हणून आलो, माई. मला सांगा की काहीतरी.”

अच्युतबुवा मठीच्या पायरीवर बसून विनवत होते. माई उंबऱ्याच्या आत भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या.

“काय सांगू?”

“एखादा मंत्र. एखादा नेम. पहाटे उठून करीन.”

“झोप लागते का?”

“नाही.”

“मग उठणार कुठून?”



आता अच्युतबुवा टेंभेकर म्हणजे काही साधी असामी नव्हे. कृष्णेच्या दोन्ही काठांवर त्यांची प्रवचनं होत. त्यातही मृत्यूवर बोलावं तर बुवांनीच. कुणाच्या घरी कोणी गेलं की बुवांना बोलावणं जाई. ते तासभर बोलत, आणि घरची माणसं डोळे पुसून जेवायला बसत.

मग बुवांचाच मुलगा गेला. हेमंत. एकुलता. कॉलेजात होता. काविळीचं निमित्त झालं.

बुवांनी त्यानंतर एकही प्रवचन चुकवलं नाही. हेमंतचं नाव मात्र एकदाही घेतलं नाही.

बायकोनं, पद्मानं, वर्षभर वाट पाहिली. मग एक दिवस म्हणाली, “साऱ्या तालुक्याचं सांत्वन करता. माझ्याशी त्याच्याबद्दल एक शब्द नाही. दिवाळी झाली की मी बहिणीकडे जाते राहायला. तिथं निदान त्याचं नाव तरी निघतं.”

भांडून नाही म्हणाली. पोळ्या लाटता लाटता म्हणाली. म्हणूनच बुवा घाबरले आणि माईंकडे आले. तरुणपणी याच मठीत त्यांनी माईंकडून अनुग्रह घेतला होता.

“डॉक्टरला दाखवलंस?” माईंनी विचारलं.

“दाखवलं. झोपेच्या गोळ्या दिल्या. आणि वर मलाच सांगतो, तुमच्यासारख्या माणसांत जाऊन बसत जा.”

“मग?”

“माझ्यासारखी माणसं असतात कुठं, माई?”

माईंनी टरफल बाजूला टाकलं.

“इथं. गुरुवारी. उन्हं कलल्यावर.”

बुवांना राग आला. विद्वानांना तो लवकर येतो.

“ती तुमची बैठक होय? ऐकलंय मी. बायका रडतात, आणि तो रिटायर फौजदार…”

“तोही रडतो.”

“माझे श्रोते आहेत ते सगळे. त्यांच्यापुढं मी तोंड उघडायचं?”

“रोज उघडतोसच की.”

बुवा उठून गेले. नमस्कार करायचाही विसरले.

गुरुवारी मात्र आले. खांद्यावर जरीकाठी उपरणं घेऊन आले. कोणी विचारलंच, तर प्रवचनाला आलोय म्हणता यावं.

ओसरीवर सतरंजी अंथरली होती. माणसं गोल करून बसली होती. बुवांनी सवयीनं पाठीशी भिंत आणि पुढ्यात श्रोते अशी जागा शोधली. गोलात तशी जागा नसते. शेवटी एका बाजूला शेलार फौजदार आणि दुसऱ्या बाजूला हौसाबाई, असे मध्ये बसले. फौजदारांची बायको गेलेली. हौसाबाई गावच्या माजी सरपंच, अजूनही त्याच आवाजात बोलायच्या. त्यांची लेक बाळंतपणात गेलेली.

चहा आला. फौजदार बुवांच्या कानाशी वाकले.

“बुवा, इथं नियम एकच. सल्ला द्यायचा नाही. दिलात, तर सगळ्यांच्या कपबश्या धुवायच्या.”

“आणि उपदेश केला तर?”

“मग पातेलंसुद्धा.”

“तुम्ही धुतल्यात कधी?”

“मी? पहिला उन्हाळा मोरीतच काढला, बुवा. नोकरीत सवय लागलेली ना, समोरच्याला सांगायची.”

हौसाबाई बोलल्या. सणाला अजून चुकून दोन साड्या घेतात, म्हणाल्या. मग दुसरी परत करायला जायचं जिवावर येतं. दुकानदाराला कारण सांगावं लागतं. बुवांच्या जिभेवर शब्द आले. त्यांनी ते चहाबरोबर गिळले.

मग माई बोलल्या.

बुवा चमकले. गुरूचीही पाळी असते, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

“चंद्रा गेली त्याला आता पावसाळा उलटला,” माई म्हणाल्या. चंद्रा म्हणजे त्यांची गुरुबहीण. दोघी याच मठीत म्हाताऱ्या झाल्या. “आमटीत मीठ किती घालायचं, ते मला येत नाही. आयुष्यभर तीच घालायची. मी नुसती भांडायची, जास्त झालं म्हणून. काल आमटी केली. अळणी झाली. भांडायला कोणी नाही… तशीच प्याले.”

माईंनी पदरानं डोळे टिपले. लपवले नाहीत.

बुवांना ते बघवेना. ज्या बाईच्या पायाशी बसून ते वैराग्य शिकले, तीच वाटीभर आमटीसाठी रडत होती.

“माई,” बुवांचा आवाज भरदार लागला, “देह हा नाशिवंतच. शोक कुणाचा करायचा? ज्याला आपण चंद्रा म्हणतो, ते तर केवळ…”

बोलता बोलता ते थांबले.

सगळे त्यांच्याकडे बघत होते. रागानं नव्हे. नव्या सुनेच्या हातून दूध उतू जावं आणि सासू चांगली असावी, तसं.

फौजदारांनी आपली रिकामी कपबशी हळूच बुवांच्या पुढ्यात सरकवली. हौसाबाईंनी आपली सरकवली. मग माईंनीही.

“पातेलं मोरीतच आहे,” फौजदार म्हणाले.

ओसरी हसली. बुवांचे कान लाल झाले, पण तेही हसले. हसू बरेच दिवस वापरात नसल्यासारखं निघालं.

“आता तुमची पाळी, बुवा,” हौसाबाई म्हणाल्या. “नको वाटलं तर नको म्हणा. त्येबी चालतं.”

नको म्हणतील ते बुवा कसले. त्यांनी उपरणं सारखं केलं. मांडी बदलली. डोळे मिटले.

“एका नगरात एक साधक होता. त्याला एक पुत्र. साधकानं त्याला समईतल्या ज्योतीसारखा जपला. वारा आला की हाताचा आडोसा केला. पण एके दिवशी वारा असा आला की हात थिटे पडले. ज्योत गेली. लोक म्हणाले, रड. साधक म्हणाला, ज्योत जिथून आली तिथं गेली. माझ्यापाशी समई उरली आहे. ती मी घासून लख्ख ठेवीन…”

सुंदर बोलले. खोटं कशाला सांगू? बुवांचा आवाज असा, की अंगणातला कुत्राही कान टवकारून ऐकत होता. एरवी या ठिकाणी लोक हुंदके देत.

इथं कोणी दिला नाही.

“बुवा,” हौसाबाई म्हणाल्या, “त्या पोराला आई न्हवती का?”

“काय?”

“तुमच्या गोष्टीत. बाप हाय, पोरगं हाय, समई हाय. आई कुठं दिसंना, म्हणून इचारलं.”

“दृष्टांताला तशी आवश्यकता…”



…

बुवांनी माईंकडे पाहिलं. माई सतरंजीचा सुटलेला दोरा बघत होत्या.

“आहे,” बुवा म्हणाले. आवाज भरदार नव्हता. “आई आहे. घरी आहे. पद्मा.”

हौसाबाई जरा पुढं सरकून बसल्या.

“ती अजून दुधावरची साय वेगळी काढून ठेवते. त्याला लागायची, साखर घालून. मी बघतो… आणि पंचांग उघडून बसतो.”

…

“हेमंतला माझं प्रवचन आवडायचं नाही. आईनं पाठवलं म्हणून यायचा. शेवटच्या रांगेत बसून जांभया द्यायचा. मला राग यायचा, म्हणून मी तिकडं बघायचं टाळायचो. आता सगळं प्रवचन त्या शेवटच्या रांगेकडं बघून करतो.”

बोलून झालं. बुवा थांबून राहिले. आता कोणीतरी काहीतरी म्हणेल. देह, आत्मा, ईश्वरेच्छा. ते स्वतः नेहमी म्हणत आले, तसलं काहीतरी.

कोणीच म्हणेना.

फौजदार आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांची मान हलत होती, हळूहळू, होकारासारखी. हौसाबाईंनी नाक पुसलं. मग विचारलं,

“जांभई देताना तोंडावर हात धरायचा का हेमंत?”

वर्षभरात बुवांसमोर कोणी ते नाव असं सहज घेतलं नव्हतं. कुणाची छातीच होत नसे.

“नाही,” बुवा म्हणाले. “कधीच नाही. पार पडजीभ दिसायची.”

आणि ते हसले. हसता हसता रडू आलं. उपरण्याचा जरीकाठ डोळ्यांना टोचू लागला, तसं त्यांनी ते काढून मांडीवर ठेवलं आणि उघड्या तळहातांनी तोंड पुसलं.

कोणी पाठीवरून हात फिरवला नाही. कोणी उठूनही गेलं नाही.

बैठक मोडता मोडता माई म्हणाल्या, “अच्युता, आज घरी जाऊन नीट जेव.”

“माई,” फौजदार म्हणाले, “हा सल्ला झाला.”

“झाला खरा.”

माईंनी गुडघ्यावर हात टेकला, उठल्या, आणि कपबश्या गोळा करायला लागल्या.

बुवा धावले. “माई, तुम्ही बसा. मी धुतो ना.”

“तू विसळ. मी पुसते.”

मोरीत दोघं शेजारी बसले. बुवांना कप धुता येत नव्हते, हे माईंनी पाहिलं आणि काही म्हणाल्या नाहीत.

“माई, त्या दिवशी मला मंत्र दिला असतात तर?”

“तर त्यावर प्रवचन केलं असतंस.”

बुवा मान खाली घालून बशी घासत राहिले.

“पुढच्या गुरुवारी पद्माला आणू?”

“काय सांगून आणशील?”

बुवांनी विचार केला. वेळ लागला. तयार वाक्यं पुष्कळ होती, एकेक करून बाजूला सारावी लागली.

“सांगेन… हौसाबाई हेमंतबद्दल विचारत होत्या. मला सगळं सांगता आलं नाही.”

माईंचा पुसणारा हात थांबला.

“आण,” त्या म्हणाल्या.

“येईल ती?”

“ते मला काय ठाऊक.”

“आली तर मी तिच्या शेजारीच बसेन. म्हणजे तिला जरा धीर…”

माईंनी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली.

“शेजारी नको. समोर बस.”